एका फलकावर किती सूर्य?

धागा : चिचगडच्या चौकातील फ्लेक्सपासून अजिंठ्यापर्यंत, चित्ररचना आणि प्रकाशयोजना यांचा इतिहास आणि त्यातून निघणारा एक आग्रह.

१/ चिचगड हे गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील जंगलपट्ट्यातले गाव. दिवाळी सरते, धानाची कापणी-मळणी आटोपते आणि या सगळ्या मुलखात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. तो होळीपर्यंत चालतो. या काळात चौकाचौकांत रंगीत फ्लेक्स लागतात आणि त्यांच्याच प्रती मोबाइलवरून गावोगाव फिरतात. या धाग्याचा विषय हे फलक आहेत. त्यांतील चेहऱ्यांवर प्रकाश कोठून पडतो, हा वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न येथे विचारायचा आहे.

२/ या प्रकारचा फलक कसा असतो हे महाराष्ट्रात कोणालाही सांगावे लागत नाही. वर मान्यवर, खाली आयोजक, मध्ये कलावंत. एकाचे छायाचित्र स्टुडिओत काढलेले, दुसऱ्याचे भर दुपारच्या उन्हात, तिसऱ्याचे घरातल्या ट्यूबलाइटखाली. संगणकावर ते कापून शेजारी शेजारी बसवलेले. एकाच्या डाव्या गालावर उजेड, शेजाऱ्याच्या उजव्या. मागे सूर्यकिरणांची चक्राकार पार्श्वभूमी. पुढे पिवळी अक्षरे. त्यांना लाल कडा, त्या कडेला पांढरी कडा, आणि त्याखाली काळी सावली. दहा चेहरे आणि दहा सूर्य.

३/ याचे नेहमीचे निदान दोन प्रकारचे असते. ग्रामीण अभिरुचीच भडक, असे काही म्हणतात. डीटीपीच्या दुकानातला मुलगा अर्धशिक्षित, असे इतर म्हणतात. दोन्ही निदाने चुकीची आहेत आणि दोन्हींत एक शहरी तुच्छता दडलेली आहे. या धाग्याचे म्हणणे असे : छपाईची किंमत मोजण्याचे माप बदलले, त्याबरोबर रचनेची शिस्त गेली, आणि तिच्या जागी दुसरी शिस्त आणण्याची जबाबदारी कोणीच घेतली नाही.

४/ यात बिघडते काय? बरेच काही. झाडीपट्टीतील नाट्यसंस्थांचा अर्थव्यवहार प्रेक्षकांच्या तिकिटांवर उभा असतो. गडचिरोलीतील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे त्यांचे मुख्य ठाणे. कोणते नाटक, कोणत्या गावी, कोणत्या रात्री, एवढे तीन तपशील रस्त्याने जाणाऱ्याच्या मनात उतरले तर मंडपात माणूस येतो. हीच गोष्ट लसीकरणाच्या, हिवतापाच्या किंवा वनहक्कांच्या सूचनेची. फलक वाचला गेला नाही, तर त्यावरचा खर्च केवळ कापडावरचा रंग ठरतो.

५/ आधी मूळ तत्त्व पाहू. चित्रात प्रकाश दोन कामे करतो. पहिले काम उठावाचे : सपाट पृष्ठावर नाक पुढे आलेले, गाल वळलेला दिसतो तो छायाप्रकाशामुळे. दुसरे काम निवडीचे : जेथे उजेड आणि अंधार यांचा फरक सर्वांत तीव्र, तेथे डोळा आधी जातो. रचना म्हणजे या जाण्याचा मार्ग आखणे. आधी काय दिसावे, मग काय, शेवटी काय. ग्राफिक डिझाइनच्या अभ्यासक्रमात यावर अनेक धडे असतात. त्यांचा गाभा एवढाच आहे.

६/ हे तत्त्व परदेशी संगणकांबरोबर आलेले नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्व पाहावा. पाचव्या शतकातले हे चित्र गर्दीचे आहे : माणसे, वास्तू, झाडे, प्राणी. तरीही नजर आधी त्या झुकलेल्या चेहऱ्यावर जाते. मुख्य आकृती भोवतालच्या आकृत्यांहून कितीतरी मोठी, तिच्या मुखावर उजळ रंगाचे मोजके स्पर्श, बाकीचा परिवार मंद रंगांत मागे सरकलेला. गर्दी आणि गोंधळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या चित्रकारांना पक्के ठाऊक होते.

७/ येथे एक सावधगिरी हवी. अजिंठ्यात प्रकाश एका खिडकीतून आल्यासारखा दिशाबद्ध नाही, आणि आकृत्यांच्या सावल्या जमिनीवर पडत नाहीत. तेथील छटा उठावासाठी आहेत. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्र या छटांकनाला ‘वर्तना’ म्हणते आणि तिचे तीन प्रकार सांगते : रेषांनी साधलेली, पातळ रंगाच्या हातांनी साधलेली आणि ठिपक्यांनी साधलेली. आज संगणकावर छटा भरणाऱ्यासही हे तीन मार्ग ओळखीचे वाटतील.

८/ त्याच ग्रंथात अभिरुचीविषयी एक मार्मिक निरीक्षण आहे. आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणकार वर्तनेची, स्त्रियांना अलंकरण आवडते आणि इतर जनांना रंगांची समृद्धी. त्यातील वर्गवारी आज कोणी जशीच्या तशी मान्य करणार नाही. परंतु त्यापुढचा उपदेश ध्यानात घेण्यासारखा आहे : हे ओळखून चित्रकाराने असे चित्र काढावे की ते सर्वांच्या मनाला भिडेल. भडक रंगाची आवड हा त्यात दोष मानलेला नाही. चित्रकाराने त्या आवडीला रेषेची आणि छटेची जोड द्यावी, एवढीच अपेक्षा आहे.

९/ युरोपात दिशाबद्ध प्रकाशाची परंपरा कारावाज्जो आणि रेम्ब्रांट यांच्या चित्रांतून सतराव्या शतकात परिपक्व झाली. पुढे १७९७ मध्ये जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने ग्रामीण दृश्यांवरील आपल्या पुस्तकात ‘एक-तृतीयांशाचा नियम’ हे नाव दिले. आज प्रत्येक मोबाइलच्या कॅमेऱ्यात ज्या उभ्या-आडव्या चार रेषा दिसतात, त्यांचे हे मूळ. गंमत अशी, की स्मिथची चर्चा निघाली ती प्रकाशावरून.

१०/ जोशुआ रेनॉल्ड्स यांच्या विचाराचा आधार घेऊन स्मिथने मांडले ते असे : एकाच चित्रात दोन सारख्या तोलाचे उजेड असू नयेत, एक प्रमुख असावा, उरलेले आकारानेही आणि तीव्रतेनेही दुय्यम. यातूनच पुढे दोन भाग आणि एक भाग हे प्रमाण त्याने सगळ्या रचनेला लावले. म्हणजे रचनेचा आज सर्वांत लोकप्रिय असलेला नियम ‘एका चित्रात एकच मुख्य सूर्य’ या विचाराच्या पोटी जन्मला. रेषा कॅमेऱ्यात राहिल्या, सूर्याची गोष्ट मात्र विसरली गेली.

११/ आता महाराष्ट्रात येऊ. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळामुद्रणालय काढले आणि काही वर्षांनी ते लोणावळ्याजवळ मळवलीस हलवले. दिशाबद्ध प्रकाशात उजळलेल्या लक्ष्मी-सरस्वती येथूनच घराघरांत गेल्या. दादासाहेब फाळके यांनीही या मुद्रणालयासाठी काम केले होते. या तंत्रात प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा तयार करावी लागे आणि कागद प्रत्येक शिळेवर अचूक बसवून पुन्हा पुन्हा छापावा लागे.

१२/ याचा परिणाम असा, की चित्रात एक रंग वाढवणे म्हणजे एक शिळा, काही दिवसांची मेहनत आणि चुकीची एक नवी शक्यता वाढवणे. त्यामुळे काय हवे आणि काय नको, याचा विचार छपाईच्या आधीच होत असे. मुख्य आकृतीला उजेड, पार्श्वभूमीला गडद किंवा मंद रंग, ही वाटणी कलादृष्टीने योग्य होती आणि व्यवहारालाही परवडणारी होती. कला आणि हिशेब एकाच दिशेने ओढत होते.

१३/ कोल्हापूरचे बाबूराव पेंटर या इतिहासातले मधले आणि महत्त्वाचे नाव. मूळचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म १८९०. चुलत बंधू आनंदराव यांच्याबरोबर ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. नाटकाचा पडदा रंगवणाऱ्याला एक गोष्ट आपोआप कळते : पडदा कितीही सुंदर असला तरी त्याने पुढे उभ्या असलेल्या नटाला खाऊन टाकता कामा नये. पार्श्वभूमीने मागे राहायचे असते. हे शिकलेला माणूस पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीचा प्रवर्तक झाला.

१४/ ‘सैरंध्री’ १९२० मध्ये प्रदर्शित झाला आणि ‘सिंहगड’ १९२३ मध्ये. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवर आधारलेल्या ‘सिंहगड’चा प्राण म्हणजे रात्रीचा हल्ला. त्या काळी चित्रीकरण सूर्यप्रकाशात होत असे. बाबूरावांनी कृत्रिम दिव्यांचा वापर केला; भारतीय चित्रपटातील या तंत्राच्या अगदी आरंभीच्या प्रयोगांत त्याची गणना होते. अंधार दाखवायचा तर उजेड कोठे ठेवायचा हे आधी ठरवावे लागते, आणि तो मोजका ठेवावा लागतो.

१५/ बाबूराव आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही स्वतः रंगवीत. ‘कल्याण खजिना’ या १९२४ च्या मूकपटाचे भित्तिपत्रक भारतीय चित्रपटांच्या उपलब्ध भित्तिपत्रकांतील सर्वांत जुन्यांपैकी एक मानले जाते. पडदा, कॅमेरा आणि भित्तिपत्रक ही तिन्ही माध्यमे एकाच हाताखाली होती. त्यांच्याच तालमीत तयार झालेले दामले, फत्तेलाल आणि शांताराम पुढे प्रभातमध्ये गेले, आणि ‘प्रभात’च्या कृष्णधवल चित्रांतील प्रकाश आजही अभ्यासला जातो.

१६/ स्वातंत्र्याच्या आगेमागे मराठी डोळा घडवला तो दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांनी. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे दोघेही मूळचे गोव्याचे. दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला. त्यांची वळणदार रेषा आणि सपाट रंगांचे धाडस वेगळे, मुळगावकरांच्या फवाऱ्याने साधलेल्या मऊ छटा वेगळ्या. एक रेषेचा, दुसरा वर्तनेचा, असे चित्रसूत्राच्या भाषेत म्हणता येईल. पण मुखपृष्ठावर राज्य कोणाचे, याविषयी दोघांच्याही मनात संदेह नसे.

१७/ तेव्हा छपाई धातूच्या ब्लॉकवर होत असे. ब्लॉकचा दर चौरस इंचावर ठरे, आणि रंगीत चित्राला प्रत्येक मूळ रंगाचा स्वतंत्र ब्लॉक लागे. संपादकाने आणखी एक चेहरा घाला म्हटले की खर्चाचा आकडा समोर येई. वृत्तपत्रातील नाटकाची जाहिरात तर कॉलमच्या सेंटिमीटरवर मोजली जाई. जागा विकत घ्यावी लागत असे. म्हणून ती उधळली जात नसे.

१८/ या काटकसरीतून काय निर्माण झाले हे पाहायचे तर कमल शेडगे यांची नाटकांच्या नावांची अक्षरे पाहावीत. केवळ काळा आणि पांढरा. चेहरा नाही, छायाचित्र नाही, कित्येकदा चौकटही नाही. अक्षराच्या वळणातूनच नाटकाचा स्वभाव कळे आणि भोवतीच्या मोकळ्या जागेमुळे ती लहानशी जाहिरात भरगच्च पानावरही उठून दिसे. २०२० मध्ये शेडगे गेले तेव्हा अनेकांना जाणवले, की कित्येक नाटके त्यांना त्या अक्षरांसकटच आठवतात.

१९/ मग संगणक आला. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले. १९९४ च्या आवृत्तीत ‘लेयर’ आले, म्हणजे चित्राचे थर एकावर एक ठेवून प्रत्येकाला स्वतंत्रपणे हलवण्याची सोय. कलेच्या दृष्टीने ही मोठीच मुक्ती होती. त्यापुढच्या दशकात फ्लेक्सची छपाई जिल्ह्याजिल्ह्यांत आणि तालुक्यांत पोचली. पूर्वी पेंटर हाताने बोर्ड रंगवीत. आता फाइल पाठवायची आणि तासाभरात बोर्ड न्यायचा.

२०/ येथेच माप बदलले. फ्लेक्सचा दर चौरस फुटावर असतो. त्या चौरस फुटात एक चेहरा असो वा वीस, एक रंग असो वा लाख, पैसे तेवढेच. शिळेच्या काळी रंग महाग होता, ब्लॉकच्या काळी इंच महाग होता. फ्लेक्सच्या काळात आणखी एका चेहऱ्याची किंमत शून्य झाली. ज्या वस्तूची किंमत शून्य, तिला ‘नको’ म्हणायला व्यवहारात कोणतेही कारण उरत नाही. ‘नको’ म्हणणे हीच तर रचना आहे.

२१/ शिवाय मोकळ्या जागेचेही पैसे पडतात. गिऱ्हाईक म्हणते, पूर्ण बोर्डाचे पैसे दिले, मग हा कोपरा रिकामा का? दुकानदाराला वाद परवडत नाही. रांगेत पुढचे गिऱ्हाईक उभे असते. कोपऱ्यात एक कमळ, एक तारा किंवा एक ‘शुभेच्छुक’ येऊन बसतो. कमल शेडग्यांच्या जाहिरातीत जी मोकळी जागा सर्वांत मोलाची होती, तीच येथे वाया गेलेले कापड ठरते.

२२/ तरीही या फलकांवर रचना नसते असे म्हणता येणार नाही. ती असते, आणि काटेकोर असते. मात्र ती मानापमानाची असते. कोणाचा चेहरा मोठा, कोण वरच्या रांगेत, कोणाचे पद नावाखाली छापायचे, यावर खल होतो. डोळा कोठे जाईल हा प्रश्न कोणी विचारत नाही. कोण रुसेल हा प्रश्न सगळे विचारतात. परिणामी फलक पाहणाऱ्यांसाठी उरत नाही, फलकावर असणाऱ्यांसाठी होतो. खरा दोष येथे आहे. मग दुकानातील संगणकावर बसलेल्या मुलाला त्यासाठी जबाबदार धरणे अन्यायाचे आहे.

२३/ एक आक्षेप रास्त आहे. झाडीपट्टीचा प्रेक्षक कलावंतांसाठी येतो. आवडता नट, विनोदी पात्र, गायिका, लावणीची नर्तकी, हे सगळे आहेत की नाहीत हे त्याला फलकावर पाहायचे असते. भरगच्चपणा हे येथे अज्ञान नसून आश्वासन आहे : रात्रभर करमणूक होईल, पैसे वसूल होतील. शहरी डिझायनरची एक खुर्ची आणि चार शब्द असलेली जाहिरात येथे चालणार नाही. हे मान्य केलेच पाहिजे.

२४/ परंतु भरगच्चपणाला उतरंड वर्ज्य नाही. पद्मपाणीचे चित्र भरगच्च आहे. याच झाडीपट्टीच्या रंगमंचावर गर्दीचा प्रवेश चालू असताना जो बोलतो तो पुढे येतो आणि बाकीचे पात्रसमूह मागे सरतात. हे कोणाला शिकवावे लागत नाही. दंडार आणि खडी गंमत यांच्या टेंभ्यांच्या उजेडापासून चालत आलेली ही समज आहे. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. रंगमंचावर जी समज इतकी पक्की आहे, ती त्याच नाटकाच्या फलकावर हरवावी, हे खेदाचे आहे.

२५/ आता अक्षरांकडे. देवनागरीला शिरोरेखा आहे; शब्दावर ती एक आडवी पट्टी उभी करते. तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार. खाली उकार, ऋकार. अक्षराला जाड कडा दिली की ‘क’ची पोकळी बुजते, अनुस्वार मात्रेला चिकटतो आणि जोडाक्षराचा गोळा होतो. रोमन अक्षरांसाठी बनवलेले चमकदार परिणाम देवनागरीवर जसेच्या तसे लादले की वाचनीयता पहिली बळी जाते. र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी ‘मंगल’ हा टंक घडवला, तेव्हा अगदी लहान आकारातही अक्षराचे अवयव वेगळे राहावेत याच अडचणीशी झुंजावे लागले होते.

२६/ एक सोपा हिशेब करून पाहावा. फलक रंगवणाऱ्यांत एक ठोकताळा आहे : दर १० फूट अंतरासाठी अक्षराची उंची १ इंच. १०० फुटांवरून वाचायचे तर अक्षर १० इंचांचे हवे. वरची वेलांटी, खालचा उकार आणि दोन ओळींतील अंतर धरले तर एका ओळीला साधारण १८ इंच लागतात. फलक ५ फूट उंच असेल, म्हणजे ६० इंच, तर ओळी बसतात तीन. नाटकाचे नाव. गाव. तारीख आणि वेळ.

२७/ देवरीवरून जाणाऱ्या नागपूर–रायपूर महामार्गावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा माणूस दर सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे सरकतो. म्हणजे १०० फूट, सुमारे ३० मीटर, ओलांडायला त्याला दोन सेकंदही लागत नाहीत. एवढ्या वेळात तीन ओळी आणि एक चेहरा मनात राहिला तरी पुष्कळ झाले. बाकीचे दहा चेहरे खालच्या पट्टीत लहान आकारात, सारख्या मंद प्रकाशात बसू शकतात. चौकात थांबून बघणारा त्यांना नक्की शोधतो.

२८/ चेहऱ्यांच्या प्रकाशाचा उपायही अवघड नाही. कंपनीने हंगामाच्या आरंभी सर्व कलावंतांची छायाचित्रे एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, एकाच खिडकीच्या उजेडात काढून घ्यावीत. दार उघडे असलेली पडवीही पुरते. सर्वांवर प्रकाश एकाच बाजूने आला की कापून जोडलेले चेहरेही एका घरातले वाटतात. फोटोशॉपमध्ये सावल्यांसाठी ‘ग्लोबल लाइट’ नावाची सोय आहे : एक कोन ठरवला की सर्व थरांच्या सावल्या त्याच दिशेने पडतात. एकच सूर्य ठेवण्याची आठवण खुद्द सॉफ्टवेअर करून देते.

२९/ फलक छापण्याआधीची परीक्षा दोन मिनिटांची आहे. चित्र संगणकावर कृष्णधवल करावे आणि डोळे किलकिले करून पाहावे. मुख्य चेहरा आणि नाव तरीही वेगळे उठले तर रचना उभी आहे. सगळे एक करडे गाठोडे झाले तर रंगांनी केवळ भुलवले होते. मोबाइलवर उन्हात पाहिल्या जाणाऱ्या चित्रांना ही कसोटी अधिकच लागू पडते, कारण कडक उन्हात पडद्यावरचा रंग आधी फिका पडतो आणि टिकतो तो छटांचा फरक.

३०/ हे शिकवणार कोण, या प्रश्नाचे उत्तर गावातल्या शाळेत आधीपासून आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांना महाराष्ट्रभर विद्यार्थी बसतात. त्यात स्थिरचित्र असते, म्हणजे एका बाजूने येणाऱ्या उजेडात मडके आणि फळे पाहून काढणे. संकल्पचित्र असते, म्हणजे रचना. अक्षरलेखनही असते. ग्राफिक डिझाइनचे तिन्ही पाय तेथे आहेत. बहुतेकांच्या लेखी या परीक्षा दहावीतील वाढीव गुणांपुरत्या उरल्या आहेत, ही गोष्ट वेगळी.

३१/ चित्रकलेचा तास मात्र वेळापत्रकात सर्वांत आधी कापला जातो. पुढे तोच मुलगा संगणकवर्गात जातो, तेथे त्याला साधनांची नावे आणि कळींची जोडणी शिकवली जाते, आणि पाहायला कोणी शिकवत नाही. कलाशिक्षकाचा तास आणि संगणकाचा तास यांच्यातली भिंत पाडणे हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त सुधार आहे. मडक्यावरची सावली समजलेला मुलगा फ्लेक्सच्या दुकानात बसला तर फरक पहिल्याच हंगामात दिसेल.

३२/ आता तर वाक्य लिहिताच चित्र बनवून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. चित्रपटात शोभेल असा दिशाबद्ध, नाट्यमय प्रकाश ती क्षणात देतात. म्हणजे प्रकाशही आता शून्य किमतीत मिळू लागला. पण तो कोणावर टाकायचा, हा निर्णय यंत्र घेऊ शकत नाही. कारण त्यासाठी कोणाला तरी सावलीत ठेवण्याची हिंमत लागते. आयोजकाला, पुढाऱ्याला, कधी खुद्द निर्मात्याला.

३३/ म्हणून हा आग्रह शेवटी गिऱ्हाइकांना उद्देशून आहे. नाट्यमंडळे, ग्रामपंचायती, उत्सव समित्या, आरोग्य विभाग : फलकाचे पैसे देणाऱ्यांनी दुकानात जाण्यापूर्वी एका गोष्टीवर एकमत करावे. या फलकावर पहिल्यांदा काय दिसले पाहिजे? उत्तर एकच असावे आणि ते कागदावर लिहून न्यावे. पूर्वी हा निर्णय शिळा आणि ब्लॉक घ्यायला भाग पाडत असत. आता तो माणसांनी स्वतःहून घ्यायचा आहे.

३४/ चिचगडच्या चौकात किंवा महाराष्ट्राच्या कोणत्याही चौकात लागणारा फलक हे बहुसंख्य लोकांच्या नजरेस रोज पडणारे एकमेव मोठे चित्र असते. कलादालन जिल्ह्यात नसते. अजिंठा शेकडो किलोमीटर दूर असतो. त्यामुळे त्या चौरस फुटांवर काय छापले जाते, यावर एका पिढीचा डोळा घडतो किंवा बिघडतो. ती जागा लहान समजू नये. (समाप्त)